ब्रिटनचा व्हिसा: 70 गुणांतले आपल्या हातात किती?

सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घरातल्या दोन मुलांविषयी विचारले आहे. त्यांची कन्या संगणकशास्त्राची पदवीधर असून सप्टेंबर 2026 पासून उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएससीला तिला प्रवेश मिळाला आहे. पुतण्या 27 वर्षांचा आहे. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन तो पुण्यात शेफ म्हणून काम करतो आणि नोकरी सांभाळून त्याने मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. पदवीही मिळवली आहे. बर्मिंगहॅममधल्या एका रेस्टॉरंटात वर्षाला 42,000 पौंड पगाराची नोकरी ‘स्पॉन्सरशिपसह’ मिळवून देतो, असे सांगून एका एजंटाने त्याच्याकडे 14 लाख रुपये मागितले आहेत. ‘ब्रिटनला 70 गुण लागतात असे ऐकतो, दोघांचे किती भरतात ते आकडेमोड करून सांगावे, आणि एजंटाला पैसे द्यावेत की नाही हेही सांगावे,’ असा त्यांचा प्रश्न आहे. मी 2009 पासून लेस्टरमध्ये इमिग्रेशनच्या कायद्याचे काम करतो आणि त्या अनुभवावरूनच हे उत्तर देत आहे.

आकडेमोड करतोच, पण त्याआधी ‘गुण’ या शब्दाविषयी सांगणे भाग आहे, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे याच शब्दापाशी अडखळलेली असतात. दहावी-बारावीच्या टक्केवारीत आणि सीईटीच्या रांगेत वाढलेल्या आपल्या मनाला गुण म्हटले की गुणवत्ता यादी दिसते. इंग्रजीत चार गुण कमी पडले तर गणितात भरून काढू, असा आपला हिशेब असतो. कॅनडाच्या पद्धतीला हा हिशेब बऱ्याच अंशी लागू पडतो. गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत कॅनडाने 1967 मध्ये आणली आणि 2015 पासूनच्या एक्स्प्रेस एंट्रीत तर वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मिळवून अर्जदारांची चक्क क्रमवारी लावली जाते. ऑस्ट्रेलियातही 65 गुण हा केवळ उंबरठा असतो आणि निमंत्रण मिळवायला त्याहून बरेच अधिक गुण लागू शकतात. तिथे उमेदवार उमेदवाराशी स्पर्धा करतो.

ब्रिटनमध्येही एकेकाळी असेच होते. 2002 च्या ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ योजनेत, आणि 2008 मध्ये पाच ‘टियर’ची, म्हणजे स्तरांची, रचना आल्यावर तिच्यातल्या टियर 1 जनरल या वर्गात, शिक्षण, पूर्वीचे उत्पन्न आणि वय यांना गुण मिळत आणि नोकरी हातात नसतानाही माणूस येऊ शकत असे. (2006 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने त्या योजनेचे बदललेले निकष आधीच येथे आलेल्यांनाही लावले, तेव्हा स्थलांतरितांच्या संघटनेने दावा दाखल केला आणि एप्रिल 2008 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल त्यांच्यापुरता बेकायदा ठरवला. माझ्या पिढीतल्या अनेक भारतीय डॉक्टर-इंजिनियरांना तो निकाल तारखेनिशी आठवतो.) टियर 1 जनरल 2011 पर्यंत नव्या अर्जदारांना बंद झाला, अल्पकुशल कामगारांसाठी ठेवलेला टियर 3 तर कधी उघडलाच नाही. 2020 च्या अखेरीस ‘टियर’ हा शब्दही गेला. ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांचा आणि डिसेंबरमध्ये कुशल कामगारांचा नवा वर्ग सुरू झाला, आणि ‘गुणाधारित’ हे नाव मात्र तसेच राहिले.

आजच्या रचनेत गुण म्हणजे अटींना चिकटवलेले आकडे आहेत. प्रत्येक अटीचे गुण पूर्ण मिळतात किंवा शून्य मिळतात. अर्धे मिळत नाहीत, एका अटीतले जास्तीचे गुण दुसरीकडे वळवता येत नाहीत, आणि 70 गुण मिळवलेल्या दोन अर्जदारांत कोण अधिक हुशार हे कुणी पाहत नाही. शिवाय गुणांचा मोठा वाटा अर्जदाराच्या नव्हे, तर त्याला बोलावणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे विद्यापीठाच्या किंवा मालकाच्या, कागदावरून मिळतो. हे एकदा नीट समजले की आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जवळजवळ आपोआप मिळतात.

कन्येपासून सुरुवात करतो. विद्यार्थी व्हिसाचे 70 गुण 50, 10 आणि 10 असे विभागलेले आहेत. पहिले 50 विद्यापीठाने दिलेल्या ‘कॅस’चे, म्हणजे प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ सरकारी संगणकप्रणालीत नोंदवते त्या क्रमांकाचे असतात, नंतरचे 10 पैशांचे आणि उरलेले 10 इंग्रजीचे. प्रवेशाचे पत्र आणि कॅस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र मिळाले की घरात पेढे वाटले जातात, पण व्हिसाच्या दृष्टीने त्या पत्राला एकही गुण नाही. कॅस देण्यापूर्वी अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याची ऑनलाइन मुलाखत घेतात, बँकेचे कागद आधीच मागतात आणि कधी कधी नकारही देतात. पालकांना हा छळ वाटतो. त्यामागचे कारण असे, की विद्यापीठाच्या कॅसवर अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना व्हिसा नाकारला गेला, किती जण प्रत्यक्ष दाखल झाले आणि किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, हे गृहखाते दरवर्षी तपासते. नकारांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले तर परदेशी विद्यार्थ्यांना बोलावण्याचा विद्यापीठाचा परवानाच धोक्यात येतो. म्हणून मुलाखतीत ‘हाच अभ्यासक्रम का, आणि भारतात का नाही’ असे विचारले तर तिने पाठ केलेले उत्तर देऊ नये. अभ्यासक्रमातले विषय, प्रबंधाची कल्पना आणि खर्चाचा हिशेब तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

इंग्रजीचे 10 गुण तिच्या बाबतीत फारसे अडणार नाहीत. पदवी व त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी बी2 (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची वरची मध्यम) पातळी लागते आणि विद्यापीठ स्वतः ती पातळी तपासून कॅसमध्ये तसे नमूद करू शकते.

खरी परीक्षा पैशांच्या 10 गुणांची आहे. मी पाहिलेले बहुतेक नकार याच 10 गुणांवर झालेले आहेत, म्हणून इथे थोडा अधिक वेळ घेतो. दाखवायची रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची न भरलेली फी अधिक राहण्याचा खर्च. राहण्याचा खर्च 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेर महिना 1,171 पौंड आणि लंडनमध्ये 1,529 पौंड धरला जातो आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा मोजला जातो. आपण कळवले आहे की फी 21,000 पौंड आहे आणि 5,000 पौंड अनामत भरली आहे. ती कॅसवर नोंदवली गेली असेल तर 16,000 पौंड फी आणि नऊ महिन्यांचे 10,539 पौंड, असे एकूण 26,539 पौंड दाखवावे लागतील. पौंडाचा भाव 120 रुपये धरला तर ही रक्कम 31,84,680 रुपये होते. रुपयांतल्या रकमेचे पौंडांत रूपांतर गृहखाते अर्जाच्या दिवशीच्या भावाने करते; खात्यात मोजून तेवढेच रुपये ठेवले आणि त्या दिवशी भाव दोन रुपयांनी वर गेला, तर रक्कम अर्धा लाख रुपयांहून अधिक कमी पडते. त्यामुळे निदान पाच टक्के रक्कम वर ठेवावी, असे मी सगळ्यांना सांगतो.

ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. ‘सलग’ या शब्दाने मला फार वर्षांपूर्वी एक धडा दिला. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याची फाइल माझ्या टेबलावर होती. वडिलांच्या खात्यातली पहिल्या दिवशीची शिल्लक पुरेशी होती, अठ्ठाविसाव्या दिवशीचीही पुरेशी होती, आणि मधल्या ओळी मी वरवर पाहिल्या. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप वळता झाला होता आणि दोन दिवस शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या सुमारे चार हजार रुपये खाली होती. तिसऱ्या दिवशी पगार जमा झाला आणि शिल्लक पुन्हा वर आली. अर्ज नाकारला गेला. मुलाची एक टर्म गेली आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी खाते-उताऱ्यावर पट्टी ठेवून शिल्लकेचा रकाना ओळ-ओळ खाली वाचतो. आपणही तेच करावे आणि हे पैसे ज्या खात्यात ठेवाल त्यातून विमा, वीजबिल, कर्जाचा हप्ता असे काहीही आपोआप वळते होणार नाही, हे आधी पाहून घ्यावे.

पैसे कुणाच्या खात्यात असावेत यालाही नियम आहे. विद्यार्थिनीचे स्वतःचे खाते किंवा आई-वडिलांचे खाते चालते. काका, मामा, आजोबा किंवा थोरला भाऊ यांचे चालत नाही, आपल्याकडे एकत्र कुटुंबात व्यवहार कितीही एकत्र असले तरी चालत नाही. काकांनी मदत करायची असेल तर ती रक्कम मुलीच्या किंवा आपल्या खात्यात 28 दिवसांची मोजणी सुरू होण्यापूर्वी येऊ द्यावी आणि ती कुठून आली याचा कागद जवळ ठेवावा. बँक त्या देशातल्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली असणे, तिच्या नोंदी संगणकावर असणे आणि गृहखात्याला तिच्याकडे पडताळणी करता येणे, या तीन अटी आहेत. सांगली-सोलापूर-नगरकडच्या कुटुंबांना इथेच सावध करावे लागते, कारण त्यांची बचत पुष्कळदा पतसंस्थेत असते. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, ती रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नव्हे. तिथला ठेवीचा दाखला अर्जाला जोडणे म्हणजे नसता धोका पत्करणे. पैसे वेळीच राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत हलवावेत. शेअर, भविष्यनिर्वाह निधी आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा हे पैसे म्हणून धरले जात नाहीत. शैक्षणिक कर्ज चालते. मंजुरीचे पत्र मुलीच्या नावाने असावे, अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांहून जुने नसावे, आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम प्रवासापूर्वी उपलब्ध होईल हे त्यातून स्पष्ट व्हावे.

आई-वडिलांचे खाते वापरल्यास नाते सिद्ध करायला जन्माचा दाखला आणि आपले संमतीपत्र लागते. शाळा सोडल्याचा दाखला इथे उपयोगाचा नाही. आपल्याकडच्या जन्मदाखल्यांत दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, बारशाआधीच जन्माची नोंद झाल्यामुळे बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहिलेला असतो. दुसरी, ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असतो. कोऱ्या रकान्यात नाव घालून घेणे हे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होणारे काम आहे, पण ते चार दिवसांत होईल असे धरून चालू नये. मराठी दाखल्याचे इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे’ हे विधान त्यावर असावेच लागते.

व्हिसाची फी (2025 मध्ये 524 पौंड होती) आणि आरोग्य अधिभार हे वरच्या रकमेत धरलेले नाहीत. विद्यार्थ्यांना अधिभार वर्षाला 776 पौंड पडतो. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला पुढेमागे काही महिने मिळून व्हिसा दीड वर्षाच्या आतला निघतो, म्हणून बहुधा 1,164 पौंड एकदम भरावे लागतील. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते आणि तिचा दाखला सहा महिने चालतो.

येथे आल्यावर पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येते. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो आणि एका आठवड्यातले 24 तास पुढच्या आठवड्यातल्या 16 तासांनी भरून निघत नाहीत. एमएससीच्या मुलांची हमखास चूक उन्हाळ्यात होते. बी.एस्सी.च्या मुलांना जून ते सप्टेंबर सुट्टी असते, ती मुले पूर्णवेळ काम करतात, आणि त्यांच्याकडे पाहून एमएससीची मुलेही करतात. पण एमएससीचा उन्हाळा हा प्रबंधाचा काळ असल्यामुळे सहसा टर्ममध्येच मोजला जातो. स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि त्यात दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवण्याचे बहुतेक काम येते, कारण तिथे पोहोचवणारा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो. 1 जानेवारी 2024 पासून अशा अध्यापनप्रधान एमएससीच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुले सोबत आणता येत नाहीत. ती सवलत पीएचडी व संशोधनाच्या पदव्यांपुरती राहिली आहे. कन्येचे लग्न ठरत असल्याचे आपण पत्रात ओझरते लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या या व्हिसाला स्पॉन्सर लागत नाही, नोकरीही हातात असावी लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वर्गांत विद्यार्थ्याला खरोखर मोकळीक देणारा हा एकच वर्ग आहे. त्याची मुदत पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षे होती; 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना ती 18 महिने राहील, पीएचडीधारकांना तीन वर्षे कायम आहेत. यात धरायची ती ग्रॅज्युएट व्हिसाच्या अर्जाची तारीख. विद्यार्थी म्हणून कधी आलात, याला महत्त्व नाही. कन्या सप्टेंबर 2026 मध्ये येऊन 2027 च्या शरदात अभ्यासक्रम पूर्ण करणार, तेव्हा तिने 18 महिनेच धरून चालावे. कुणी ‘दोन वर्षे मिळतात’ असे सांगत असेल तर तो कालबाह्य माहितीवर बोलत आहे. हा अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच आणि विद्यार्थी व्हिसा संपण्यापूर्वी करायचा असतो. निकालानंतर पदवीदान समारंभाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठाने गृहखात्याला उत्तीर्ण झाल्याचे कळवले की पुरे.

त्या 18 महिन्यांत स्पॉन्सर करणारी नोकरी मिळाली तर स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगार, या वर्गात जाता येते, आणि तिथे नवख्यांसाठी सवलत आहे. 22 जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान पगार 41,700 पौंड आहे. नवख्याला 33,400 पौंड किंवा त्या व्यवसायाच्या ठरवलेल्या दराच्या 70 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते पुरते. संगणकक्षेत्रातले ठरवलेले दर चढे असतात, त्यामुळे 33,400 चा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. ही सवलत एकूण चार वर्षांची आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्यातून वजा होतो. कायमच्या वास्तव्यासाठी स्किल्ड वर्करची आजवरची अट पाच वर्षांची होती. विद्यार्थी आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ त्या पाचात धरला जात नाही. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाचाऐवजी दहा वर्षे प्रस्तावित केली आहेत, म्हणून ‘पाच वर्षांत पक्की होईल’ या हिशेबावर घराचे कर्ज काढू नये.

आता पुतण्या. स्किल्ड वर्करचे 70 गुण असे: परवानाधारक मालकाच्या नोकरीचे 20, त्या कामाच्या कौशल्यपातळीचे 20, इंग्रजीचे 10, आणि पगाराचे 20. शेवटच्या 20 मध्ये थोडी देवघेव आहे. म्हणजे वर सांगितलेली नवख्याची सवलत, विषयाशी संबंधित पीएचडी, टंचाईच्या यादीतले काम, यांमुळे कमी पगारातही ते 20 गुण मिळू शकतात. पण आधीच्या 50 मध्ये काडीचीही देवघेव नाही.

एजंटाने सांगितलेला 42,000 चा आकडा काळजीपूर्वक निवडलेला आहे, कारण तो 41,700 च्या जेमतेम वर आहे. मालकाकडे परवाना आहे असे धरू. इंग्रजीत बी2 पातळी येईल असेही धरू. 8 जानेवारी 2026 पासून या वर्गात प्रथम अर्ज करणाऱ्यांना बी1 ऐवजी बी2 लागते. म्हणजे 20, 10 आणि 20 असे 50 झाले. कौशल्यपातळीचे 20 मात्र मिळत नाहीत. डिसेंबर 2020 ते जुलै 2025 या काळात बारावीच्या जवळपासची पातळी पुरत असे आणि शेफ त्यात बसत असे. 22 जुलै 2025 पासून पदवीपातळीचीच कामे पात्र ठरतात, त्याखालच्या मोजक्या कामांसाठी तात्पुरती टंचाई-यादी आहे, आणि तिच्यात शेफ नाही. ही पातळी कामाची असते, माणसाची नसते, पुतण्याने बी.कॉम. केले म्हणून शेफचे काम पदवीपातळीचे होत नाही. पगार 42,000 ऐवजी 60,000 केला तरी हे 20 गुण शून्यच राहतात. एजंट ओळखीच्यांचे दाखले देईल, आणि ते खोटे असतीलच असे नाही: 2022 मध्ये शेफ म्हणून गेलेला मुलगा तेव्हाच्या नियमाने गेला, आणि त्या वेळेपासून येथे असलेल्यांना मुदतवाढही मिळू शकते. नव्याने येणाऱ्यासाठी ते दार बंद आहे.

यावर पुढचा उपाय एजंट सुचवतो तो असा, की कागदावर पदनाम बदलू. ‘शेफ’ऐवजी ‘बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर’ लिहू. तीस टेबलांच्या रेस्टॉरंटला असा मॅनेजर कशाला हवा, हा प्रश्न अधिकारी विचारतोच. नोकरी खरी नाही असे ठरले तर अर्ज जातो. अर्जदाराने फसवणूक केली असे ठरले तर पुढची दहा वर्षे बहुतेक सगळे अर्ज नाकारले जातात. ती बंदी पुतण्याच्या नावावर लागते, एजंटाच्या नाही.

पैशांविषयी स्पष्ट सांगतो: देऊ नयेत. स्पॉन्सरशिप ही विकत घेण्याची वस्तू नाही. मालकाने भरायचा कौशल्य अधिभार कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे, आणि डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून परवान्याचा व स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्राचा खर्चही त्याच्या माथी मारता येत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला भारतातही 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, त्याचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. 14 लाख हा आकडा त्याशेजारी ठेवून पाहावा. मालकाचे नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारकांच्या यादीत आहे, हा पुरावा एजंट हटकून दाखवतो. ती यादी कुणालाही फुकट पाहता येते आणि तिच्यातल्या नावाचा अर्थ एवढाच, की त्या मालकाला स्पॉन्सर करण्याची मुभा आहे. पुतण्यासाठी तिथे जागा आहे असा होत नाही.

परवाना टिकेल याचीही शाश्वती नसते, हे सुश्रूषा (केअर) क्षेत्रात दिसले. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात त्या क्षेत्रातल्या 470 हून अधिक मालकांचे परवाने रद्द झाले आणि 39,000 हून अधिक कामगार त्यांच्याशी जोडलेले होते, असे सरकारनेच सांगितले. मालकाचा परवाना गेला की कामगाराचे गुण जातात. सहसा 60 दिवसांची नोटीस येते आणि तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधावा लागतो किंवा परतावे लागते. अशा नोटिशी हातात घेऊन माझ्यासमोर बसलेल्या केरळच्या, पंजाबच्या आणि आपल्याकडच्याही मुलामुलींनी काहीही चुकीचे केलेले नव्हते. त्यांतल्या काहींनी शेत गहाण टाकून एजंटाचे पैसे भरलेले होते. 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणेही बंद झाले आहे, तेव्हा एजंट उद्या शेफऐवजी ‘केअर’चा पर्याय घेऊन आला तर त्यालाही हेच उत्तर द्यावे.

पुतण्यासाठी एक मार्ग मात्र खुला आहे आणि त्याचे वय पाहता तो लगेच अजमावावा. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स’ योजनेत 18 ते 30 वयाच्या, पदवीधर भारतीयांना वर्षाला 3,000 जागा असतात. नोकरी लागत नाही आणि स्पॉन्सरही लागत नाही. आधी सोडतीत नाव द्यायचे, ते फुकट असते. सोडत साधारणतः फेब्रुवारीत आणि जुलैत दोन-तीन दिवसच खुली असते, म्हणून तारखेवर लक्ष ठेवावे लागते. नाव निघाल्यास व्हिसाचा अर्ज करायचा, 2,530 पौंड 28 दिवस खात्यात दाखवायचे, आणि दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहून जवळजवळ कोणतेही काम करायचे, ज्यात स्वयंपाकघरातले कामही आले. इथे त्याची बी.कॉम. कामाला येईल, पदविकेने हे दार उघडले नसते. मुदतवाढ मिळत नाही आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. सोडतीत नाव हमखास काढून देतो असे सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याशी पुढे बोलू नये. नावे सरकारी संगणक यदृच्छेने निवडतो.

अर्ज नाकारला गेलाच तर या वर्गांत सहसा अपील नसते. भारतातून केलेल्या अर्जावर 28 दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते, तिची फी 80 पौंड आहे, आणि तीत अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला काय एवढेच पाहिले जाते. विसरलेला कागद तिथे नव्याने जोडता येत नाही. त्यासाठी नवा अर्जच करावा लागतो आणि बहुधा नवे कॅस मिळवावे लागते.

कन्येसाठी तारखा अशा धरता येतील. जन्मदाखल्यातला नावाचा रकाना आजच पाहावा. जूनअखेरपर्यंत सगळी रक्कम एका बँकेत, एका खात्यात आणावी आणि 1 जुलैपासून तिला हात लावू नये. 28 जुलैची शिल्लक दाखवणारा उतारा 29 तारखेला बँकेकडून शिक्क्यासह घ्यावा. त्या उताऱ्यावर 28 ऑगस्टपर्यंत अर्ज करता येईल. पण सप्टेंबरमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी ऑगस्टमध्येच होते आणि निर्णयाला नेहमीचे तीन आठवडे लागू शकतात, हे पाहता कॅस हातात असल्यास अर्ज ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जावा. त्या उताऱ्याची प्रत मला पाठवल्यास मी ती पट्टी ठेवून वाचून देईन.